सैल विणीचे सांधे



लवचिकपणा हा आपण सहसा गुण मानतो. ‘मोडेन पण वाकणार नाही’ हा बाणा आपल्याला कितीही प्रिय असला, तरी शरीराच्या बाबतीत मात्र वाकणाऱ्याचेच कौतुक होते. मंगळागौरीच्या रात्री जी मुलगी अंगाची कमान करून मागे हात टेकते, तिच्याकडे आयाबाया कौतुकाने पाहतात. शाळेच्या मधल्या सुट्टीत जो मुलगा आपला अंगठा वळवून मनगटाला लावून दाखवतो, त्याच्याभोवती घोळका जमतो. आणि कासाराला तर हे ज्ञान कोणत्याही वैद्यकग्रंथावाचून असते. पंजा जरासा दाबून पाहिला की तो सांगतो, ‘हात मऊ आहे, लहान मापाची बांगडीसुद्धा जाईल.’ ही प्रशंसा ऐकून मुलगी सुखावते, आई सुखावते, आणि बांगड्या भरून झाल्या की गोष्ट तिथेच संपते.

काही माणसांच्या बाबतीत मात्र ती तिथे संपत नाही. अशीच एखादी मुलगी मोठी होते, संसाराला किंवा नोकरीला लागते. पायऱ्या उतरताना तिचा गुडघा दगा देऊ लागतो. सपाट रस्त्यावर पाय मुरगळतो. कणीक मळली की मनगट रात्रभर ठणकते. बसमध्ये वरची दांडी धरून उभे राहिले की खांदा जागचा निसटल्यासारखा वाटतो. ती डॉक्टरांकडे जाते. रक्त तपासले जाते, क्ष-किरणांचे चित्र काढले जाते. दोन्ही निर्दोष येतात. ‘तुम्हाला काही झालेले नाही’ असे तिला सांगण्यात येते. लहानपणचे ते कौतुक आणि आजचे हे दुखणे यांचा एकमेकांशी काही संबंध असेल, हे तिच्याही ध्यानात येत नाही आणि पुष्कळदा तपासणाऱ्याच्याही येत नाही. तो संबंध उलगडून दाखवावा, हा आजच्या भाषणाचा हेतू आहे. सांध्यांची अतिलवचिकता ओळखावी कशी, आणि ती वाट्याला आली असल्यास तिच्यासह नीट जगावे कसे, असे हे दोन प्रश्न आहेत.

प्रथम सांधा म्हणजे काय ते पाहू. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात शरीरातील सांध्यांची संख्या २१० सांगितली आहे, आणि त्यांचे कार्य समजावण्यासाठी नावेचा दृष्टान्त दिला आहे. अनेक फळ्या दोरांनी घट्ट बांधल्या म्हणजे नाव पाण्यावर माणसांचा भार सोसते. त्याचप्रमाणे सांधे स्नायूंनी बांधलेले असल्यामुळे मनुष्य भार सोसू शकतो, असा त्याचा आशय. इथे एक शब्द मात्र जपून घेतला पाहिजे. सुश्रुताचा ‘स्नायू’ म्हणजे बांधणारा दोर. आजच्या मराठीत आपण स्नायू म्हणतो ते आकुंचन पावणाऱ्या मांसपेशींना. हाडाला हाडाशी बांधणाऱ्या त्या दोराला आज अस्थिबंध म्हणतात.

सांध्याला स्थैर्य देणाऱ्या गोष्टी तीन. पहिली हाडांची घडण. खुब्याचा सांधा खोल वाटीत बसवलेला असतो, म्हणून तो सहसा निखळत नाही. खांद्याची वाटी उथळ, म्हणून तो चहूकडे फिरतो आणि निखळतोही लवकर. दुसरी गोष्ट अस्थिबंध आणि सांध्याभोवतीचा कोष. आणि तिसरी गोष्ट म्हणजे सांध्यावरून जाणारे स्नायू. यांपैकी दुसरी गोष्ट, म्हणजे दोर, मुळातच सैल असले तर सांधा नेहमीच्या मर्यादेपलीकडे जातो. हीच अतिलवचिकता.

हे दोर सैल का असतात? त्यांचे मुख्य द्रव्य म्हणजे कोलॅजन नावाचे प्रथिन. शरीरातील एकूण प्रथिनांपैकी सुमारे तीस टक्के भाग या एकट्याचा. त्वचा, हाडे, अस्थिबंध, रक्तवाहिन्यांच्या भिंती, आतड्यांचे वेष्टन, या सर्वांत ते आहे. त्याची रचना उलगडण्याच्या कामात आपल्या देशाचा वाटा मोठा आहे. मद्रास विद्यापीठात गो. ना. रामचंद्रन आणि गोपीनाथ कर्ता यांनी १९५४–५५ साली असे दाखवून दिले की, कोलॅजनचा रेणू म्हणजे एकमेकांभोवती वळलेले तीन धागे आहेत. आपल्याकडे सहज समजेल अशा भाषेत बोलायचे तर ती एक तिपेडी वेणी आहे. वेणी घट्ट घातली तर दिवसभर टिकते, सैल घातली तर दुपारपर्यंत सुटते. वेणीची ही वीण, आणि अशा अनेक वेण्या एकत्र बांधणारे दुवे, कसे असावेत हे आपल्या वाडवडिलांकडून आलेल्या जनुकांवर पुष्कळ अंशी अवलंबून असते. म्हणूनच लवचिक सांधे घराण्यात चालत येतात. नातीची बोटे मागे वळत असतील तर आजीचीही पाहावीत. वय झाल्यामुळे आता ती तितकी वळत नसली, तरी तरुणपणी वळत होती असे ती सांगेल.

ही गोष्ट वैद्यांना फार पूर्वीपासून ठाऊक आहे. ग्रीक वैद्य हिपॉक्रेटीस याच्या नावावर असलेल्या हवा, पाणी आणि स्थळे यांविषयीच्या ग्रंथात सिथियन लोकांचे वर्णन आहे. त्यांची अंगे इतकी शिथिल होती की, धनुष्य ओढण्याचे बळ यावे म्हणून ते खांद्यांवर आणि इतर सांध्यांवर डाग देऊन घेत, असे तो ग्रंथ सांगतो. अर्वाचीन काळात रशियातील चेर्नोगुबोव्ह याने १८९२ साली, डेन्मार्कच्या एडवर्ड एलर्स याने १९०१ साली आणि फ्रान्सच्या आंरी दान्लो याने १९०८ साली त्वचा ताणली जाणाऱ्या आणि सांधे सैल असणाऱ्या रुग्णांची वर्णने केली. त्यांपैकी शेवटच्या दोघांच्या नावाने तो विकारसमूह आज ओळखला जातो. परंतु ज्यांची त्वचा साधी दिसते, ज्यांना दुसरा कोणताही रोग नाही, पण सैल सांध्यांपायी ज्यांना वेदना होतात, अशा माणसांकडे लक्ष जाण्यास १९६७ साल उजाडावे लागले. त्या वर्षी इंग्लंडमधील कर्क, ॲन्सेल आणि बायवॉटर्स या तिघांनी या प्रकाराला स्वतंत्र नाव दिले.

आता ओळखण्याविषयी. १९७३ साली दक्षिण आफ्रिकेत बायटन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्स्वाना लोकांच्या सांध्यांची पाहणी केली, आणि त्यासाठी जी नऊ गुणांची सोपी मोजणी वापरली ती आज जगभर चालते. तिला कोणतेही यंत्र लागत नाही. तळहात टेबलावर सपाट ठेवून करंगळी दुसऱ्या हाताने हळूच मागे वळवावी. ती ९० अंशांपलीकडे गेली तर एक गुण. मनगट पुढे दुमडून अंगठा हाताच्या आतील बाजूस टेकला तर एक गुण. कोपर सरळ केल्यावर उलट्या बाजूस १० अंशांहून अधिक गेले तर एक, आणि गुडघा उभे राहिल्यावर तसाच मागे गेला तर एक. या चार गोष्टी डाव्या आणि उजव्या बाजूला वेगवेगळ्या मोजाव्यात, म्हणजे आठ गुण होतात. नववा गुण गुडघे न वाकवता पुढे वाकून दोन्ही तळहात जमिनीला पूर्ण टेकले तर. आपल्यापैकी काहींचे हात हे ऐकतानाच करंगळीकडे गेले असतील. पाहायला हरकत नाही. मात्र बळ लावू नये. जे सहज होते तेच मोजायचे असते.

या मोजणीला मर्यादा आहेत, आणि त्या ठाऊक असणे मोजणीइतकेच महत्त्वाचे आहे. मुळात ती लोकसमूहाच्या पाहणीसाठी होती. खांदा, खुबा, घोटा, मान आणि जबडा यांचा तिच्यात विचारच नाही. शिवाय वय वाढते तसे सांधे आवळत जातात. म्हणून पन्नाशीच्या बाईला आज तीनच गुण मिळाले तरी विसाव्या वर्षी तिला आठ मिळाले असते, हे शक्य आहे. याच कारणाने लंडनच्या हकीम आणि ग्रॅहम या दोघा डॉक्टरांनी २००३ साली पाच साधे प्रश्न सुचवले. तळहात जमिनीला टेकणे तुम्हाला आता किंवा पूर्वी कधी जमत होते का? अंगठा हाताला लावता येत होता का? लहानपणी शरीर विचित्र रीतीने वळवून तुम्ही सोबत्यांची करमणूक करीत होता का? लहानपणी किंवा किशोरवयात खांदा अथवा गुडघ्याची वाटी एकाहून अधिक वेळा निखळली होती का? आणि आपले सांधे इतरांपेक्षा अधिक सैल आहेत असे तुम्हाला स्वतःला वाटते का? दोन किंवा अधिक प्रश्नांना ‘होय’ असे उत्तर आले, तर अतिलवचिकतेचा विचार करावा.

पण इथे थांबून एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर हे भाषण ऐकून घरोघरी नवी धास्ती निर्माण व्हायची. लवचिक सांधे म्हणजे रोग नव्हे. पुरुषांपेक्षा स्त्रियांत, मोठ्यांपेक्षा मुलांत, आणि युरोपीय लोकांपेक्षा आशियाई व आफ्रिकी लोकांत ते अधिक आढळतात. मुंबईतील डॉक्टरांनी आठशेहून अधिक निरोगी मुलांची तपासणी करून २००८ साली जे निष्कर्ष प्रसिद्ध केले, त्यांत निम्म्याहून अधिक मुलांचे सांधे या मोजणीने अतिलवचिक ठरले. निम्मी मुले रोगी असतात असा याचा अर्थ कोणी करणार नाही. अशा बहुसंख्य मुलांना आयुष्यात त्याचा काहीही उपद्रव होत नाही.

उलट काहींना त्याचा लाभच होतो. १९९३ साली अमेरिकेत ६६० वादकांची एक पाहणी प्रसिद्ध झाली. तिच्या चार लेखकांत संख्याशास्त्रज्ञ गोविंद मुधोळकर यांचेही नाव आहे. ज्यांची मनगटे अतिलवचिक होती अशा ९६ वादकांपैकी केवळ ५ जणांना मनगटाच्या तक्रारी होत्या. ज्यांची तशी नव्हती अशा ५६४ जणांपैकी १०० जणांना होत्या. म्हणजे सतत हालणाऱ्या मनगटाला लवचिकपणा उपकारक ठरला. पण याच पाहणीची दुसरी बाजू पाहा. ज्यांचे गुडघे आणि पाठीचा कणा अतिलवचिक होता, त्यांना गुडघ्याच्या आणि पाठीच्या तक्रारी इतरांहून अधिक होत्या. बसताना किंवा उभे राहताना कण्याचे आणि गुडघ्याचे काम भार तोलून धरण्याचे असते. तेव्हा तात्पर्य असे की, ज्या सांध्याला हालायचे आहे त्याला सैलपणा मानवतो. ज्याला स्थिर राहून भार सोसायचा आहे, त्याला तो जाचतो.

जाचतो तो कसा? दोर सैल असले की नाव सांभाळण्याचे काम नावाड्यांवर पडते. इथे नावाडी म्हणजे स्नायू. जे काम अस्थिबंधांनी विनासायास करावे, ते स्नायूंना अहोरात्र करावे लागते. साधे उभे राहणे, लेखणी धरणे, मान ताठ ठेवणे यांतच ते थकून जातात आणि पेटके येऊन दुखू लागतात. म्हणून ही माणसे पुष्कळदा कारणावाचून थकलेली दिसतात. त्यांचे दुखणे श्रमानंतर, संध्याकाळी किंवा दुसऱ्या दिवशी वाढते. याशिवाय डोळे मिटूनही आपला हात कुठे आहे, पाय कसा पडतो आहे, याचे जे भान आपल्याला असते, ते या माणसांत काहीसे मंद असलेले आढळते. त्यामुळे ती दाराच्या चौकटीला आपटतात, ठेचकाळतात, हातातला पेला सांडतात, आणि ‘धांदरट’ हे विशेषण त्यांना जन्मभर चिकटते.

काहींच्या बाबतीत त्रास सांध्यांपुरता राहत नाही. एकदम उठून उभे राहिल्यावर छाती धडधडणे व डोळ्यांपुढे अंधारी येणे, पचनाच्या तक्रारी, त्वचेवर लगेच काळे-निळे डाग उमटणे, या गोष्टी त्यांच्यात अधिक दिसतात. दात काढताना सुन्न करण्याचे औषध नेहमीसारखे चढत नाही, असेही काहींच्या अनुभवास येते. तसा अनुभव असल्यास दंतवैद्याला आधीच सांगावे. तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय समितीने २०१७ साली एलर्स-दान्लो विकाराचे १३ प्रकार निश्चित केले. त्यांतील बहुतेकांचे जनुक सापडले आहे. पण अतिलवचिक सांध्यांचा जो सर्वांत अधिक आढळणारा प्रकार, त्याचे जनुक अद्याप हाती आलेले नाही. म्हणून त्याचे निदान रक्ताच्या चाचणीने होत नाही. रुग्णाची हकीकत ऐकून, अंग तपासून आणि कुटुंबाची चौकशी करूनच ते करावे लागते. त्या प्रकारासाठी नऊपैकी किती गुण हवेत, हेही समितीने वयानुसार ठरवले आहे: वयात येण्यापूर्वी ६, त्यानंतर पन्नाशीपर्यंत ५, आणि पन्नाशीनंतर ४. त्या प्रकारात न बसणाऱ्या, पण त्रास मात्र असणाऱ्या माणसांसाठी एक वेगळा वर्ग केलेला आहे. नाव कोणतेही असो, उपचार पुष्कळसे सारखेच आहेत.

मात्र काही खुणा दिसल्या तर विलंब न करता तज्ज्ञ डॉक्टरांना गाठावे. अंगकाठी फार उंच व सडपातळ, दोन्ही हात पसरल्यावरची लांबी उंचीहून अधिक, बोटे लांबसडक, डोळ्यांतील भिंग सरकलेले, अशी लक्षणे असतील तर १८९६ साली फ्रेंच डॉक्टर मार्फां यांनी वर्णिलेल्या विकाराचा विचार करावा लागतो. त्यात हृदयातून निघणारी महारोहिणी फुगत जाण्याचा धोका असतो. त्वचा इतकी पातळ की आतल्या शिरा स्पष्ट दिसाव्यात, आणि घरात कोणाला तरुणपणी रोहिणी किंवा आतडे फुटून मृत्यू आलेला, अशी हकीकत असेल तर तीही गंभीर मानावी. आणि सांध्यांना सूज येते, सकाळी ते तासभर आखडलेले राहतात, ताप येतो, वजन घटते, अशी तक्रार असेल तर ती सैल सांध्यांची समजून स्वस्थ बसू नये. तो दाहक संधिवात असू शकतो, आणि त्यावर वेळीच उपचार झाले तर सांधे वाचतात.

आता दुसरा प्रश्न, जगण्याचा. अस्थिबंध घट्ट करणारे औषध आज तरी उपलब्ध नाही. कोणतेही तेल, कोणतेही चूर्ण, कोणतीही महागडी भुकटी सैल वीण आवळून देत नाही. दोर बदलता येत नाहीत. पण नावाडी बळकट करता येतात. या दुखण्यावरचा मुख्य उपचार म्हणजे स्नायूंचे बळ वाढवणे. आणि तो हळूहळू, नेमाने, थोडा थोडा करावयाचा असतो. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती गुडघ्याने दाबावी आणि पाच आकडे मोजेपर्यंत धरून ठेवावे. भिंतीला तळहात लावून खांद्याने भिंत दाबावी. भिंतीच्या आधाराने टाचा उचलाव्यात. एका पायावर काही क्षण तोल सांभाळावा. असे साधे व्यायाम व्यायामोपचार जाणणाऱ्याकडून एकदा शिकून घ्यावेत आणि घरी चालू ठेवावेत. चालणे आणि पोहणे यांसारखी सोबत नाही. पहिल्या आठवड्यात अंग अधिक दुखेल. म्हणून सुरुवात अगदी थोडक्यात करावी आणि वाढ सावकाश करावी. फळ दिसायला आठवडे नव्हे, महिने लागतात. मल्लखांबावरचा खेळाडू हेच दाखवून देतो. त्याचे अंग वाकते म्हणून आपण टाळ्या वाजवतो. पण त्याला खांबावर धरून ठेवते ते त्याचे बळ.

योगासनांविषयी पुष्कळजण विचारतात. आसने वर्ज्य नाहीत, पण या माणसांना ती फार सोपी जातात, आणि धोका आहे तो तिथेच. ज्याला ताणण्याची गरज सर्वांत कमी, तोच वर्गात सर्वांत अधिक ताणतो आणि त्याचीच शाबासकी होते. पतंजलीने आसनाचे लक्षण सांगताना स्थैर्य आणि सुख यांना महत्त्व दिले आहे. अंग किती वळते याला नव्हे. तेव्हा सांधा जिथवर जातो तिथवर नेऊ नये, त्याच्या अलीकडे थांबावे आणि तिथे स्नायूंच्या बळावर स्थिर राहावे. नृत्य शिकणाऱ्या मुलींनी आणि त्यांच्या गुरूंनीही एवढे ध्यानात ठेवावे. आणि सोबत्यांच्या करमणुकीसाठी अंगठा, कोपर, खांदा उलटा करून दाखवण्याचा खेळ मुलांनी सोडावा. कौतुक क्षणभराचे, आणि प्रत्येक वेळी बंध थोडा अधिक ताणला जातो.

रोजच्या कामातही थोडा विवेक पुरतो. उभे राहताना गुडघे मागे लोटून कुलूप घातल्यासारखे उभे राहू नये. किंचित सैल ठेवावेत. फार वेळ उभे राहायचे असेल तर मधूनमधून पायांवरचा भार बदलावा. पाण्याची कळशी एका हाताने न उचलता दोन्ही हातांनी, अंगाजवळ धरून उचलावी. पिळे घालून कपडे पिळण्याऐवजी ते निथळत ठेवावेत. बाजाराची पिशवी बोटांवर लटकवू नये. चपलेपेक्षा टाच धरून ठेवणारे पादत्राण वापरावे. जाड लेखणी धरायला हलकी जाते. आणि सर्वांत अवघड शिस्त म्हणजे चांगल्या दिवसाची. वाईट दिवशी विश्रांती घ्यायला कोणाला शिकवावे लागत नाही. पण बरे वाटले की चार दिवसांचे साठलेले काम एकाच दिवशी उरकायचे, आणि मग चार दिवस पडून राहायचे, या चक्रात ही माणसे सापडतात. काम वाटून घ्यावे, मधे थांबावे, आणि अंग दुखण्यापूर्वी थांबावे. उलट दुखते म्हणून कायम अंथरूण धरणे हेही घातकच. न वापरलेले स्नायू दुबळे होतात आणि सांधा अधिकच निराधार होतो.

वेदनाशामक गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्याने, गरजेपुरत्या घ्याव्यात. वर्षानुवर्षे घेतलेल्या अशा काही गोळ्या पोटाला आणि मूत्रपिंडांना बाधतात. सांधा निखळला तर जोराने ओढून बसवू देऊ नये. अशा वेळी आसपासच्या नसांना इजा होऊ शकते. गरोदरपणात संप्रेरकांमुळे सर्वच स्त्रियांचे बंध काहीसे सैल होतात. ज्यांचे मुळातच सैल आहेत त्यांना कंबर आणि ओटीपोटाच्या सांध्यांचा त्रास अधिक होऊ शकतो. तेव्हा ही गोष्ट प्रसूतितज्ज्ञाला पहिल्या भेटीतच सांगावी. आणि विवाह ठरवताना मुलीचे हे दुखणे झाकून ठेवण्याची जी रीत आपल्याकडे आहे, ती तिच्या हिताची नाही. पुढे तिलाच पाण्याचे हंडे उचलायचे असतात आणि तिलाच मुकाट्याने सोसायचे असते.

आता मुलांविषयी थोडे. दिवसभर हुंदडलेले मूल रात्री पाय दुखतात म्हणून रडते, आणि सकाळी पुन्हा खेळायला पळते. अशा मुलाचे सांधे एकदा पाहावेत. वर्गात जो मुलगा अर्धे पान लिहून हात झटकतो, ज्याचे अक्षर पहिल्या ओळीत बरे आणि दहाव्या ओळीत विस्कटलेले असते, तो आळशी आहे असे ठरवण्यापूर्वी त्याची बोटे लेखणीभोवती कशी वाकतात ते शिक्षकांनी पाहावे. त्याला जाड लेखणी, पाय टेकतील असे बाक, मधे घटकाभर विसावा आणि परीक्षेत थोडा अधिक वेळ मिळाला तर तो इतरांच्या बरोबरीने लिहील. खेळाच्या तासाला त्याला बाजूला बसवू नये; सोसेल असा खेळ द्यावा.

शेवटी एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. या दुखण्याचे सर्वांत मोठे ओझे वेदना हे नसते. आपल्यावर कोणी विश्वास ठेवत नाही, हे असते. पाय प्लास्टरमध्ये असला तर शेजारी पाणी आणून देतात. सैल सांध्याला प्लास्टर नाही, सूज नाही, चित्रात रेघ नाही. काल हसत-खेळत असलेली सून आज ओट्याशी उभी राहू शकत नाही, तेव्हा घरात शब्द निघतो तो ‘नखऱ्याचा’. दवाखान्यात निघतो तो ‘मनाचा’. अशा शब्दांनी माणूस हळूहळू स्वतःच्याच दुखण्याविषयी साशंक होतो, विचारणे सोडतो, आणि ज्या वर्षांत साध्या व्यायामाने त्याला बळ आले असते ती वर्षे निघून जातात. आपल्या दुखण्याला नाव आहे, कारण आहे, आणि ते सांभाळण्याची रीत आहे, एवढे कळल्यानेच कितीतरी माणसांचे अर्धे ओझे उतरते.

तेव्हा आपल्यापैकी कोणाच्या घरात असे कोणी असेल, तर त्याला आधी विचारा, ‘लहानपणी तुझा अंगठा मनगटाला लागत होता का?’ उत्तर ‘होय’ आले, तर त्याला घेऊन सांध्यांच्या जाणकार डॉक्टरांकडे जा. आणि तोवर पाण्याची कळशी तुम्ही उचला.